वावरात शिकारी शिरले तर: नागपूरकडच्या नव्या शेतमालकांसाठी

उमरेडच्या पुढे माझं साडेपाच एकर वावर आहे. वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आलं तेव्हा मी नागपुरात नोकरीला होतो आणि आठवड्यातून दोनदा जायचो. नाल्याकडच्या बाजूला काटेरी तार आहे. त्या तारेखालून रानडुकरांनी जाऊन-येऊन एक खोलगट वाट पाडलीय. दुसऱ्या हिवाळ्यात त्या वाटेवर मला फासा दिसला. मोटारसायकलच्या क्लचची वायर होती. एक टोक पळसाच्या बुंध्याला तीन वेढे देऊन बांधलेलं, दुसऱ्या टोकाला सरकगाठ, आणि ती गोल कडी दोन काटक्यांच्या आधाराने जमिनीपासून वीतभर उंच उभी केलेली. कडीला चार-पाच राठ काळे केस चिकटले होते.

मला राग आला. पक्कड आणली, वायर तोडली, नाल्यात भिरकावली आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी त्याच नाल्यात चितळाची मादी मेलेली सापडली, गळ्यात तसलीच वायर. तपासाला आलेल्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "तुम्हाला याआधी काही दिसलं नव्हतं का?" दिसलं होतं. पण माझ्याकडे फोटो नव्हता, तारीख नव्हती, वायर नव्हती, कोणाला केलेला एक फोनसुद्धा नव्हता. मला आणि माझ्या जागल्याला जबाबासाठी दोन खेपा घालाव्या लागल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जनावर ज्याच्या वावरात सापडतं, तपास त्याच्यापासूनच सुरू होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. शिकाऱ्याला पकडायला सरकारने माणसं नेमली आहेत. आपल्या वावरात जे दिसलं ते आपणच, वेळेत आणि लेखी कळवलेलं असणं, एवढं मात्र मालकाच्या अंगावर आहे. पुढे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

१. आधी ओळखा, आलंय कोण

आपल्या जिल्ह्यात वावरातून माणसं जातातच. मार्च-एप्रिलात पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचणाऱ्या बाया येतात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारे येतात, बकऱ्या चारणारे येतात, नाल्यात मासे धरणारी पोरं येतात. नवीन मालक तार ठोकतो आणि या सगळ्यांवर ओरडत सुटतो. असं करू नका. मला दुसरा फासा मोहफुलं वेचणाऱ्या एका मावशींनी दाखवला. "भाऊ, तिकडं वायर बांधून हाय, पाय नका टाकू," एवढंच बोलल्या आणि पुढे गेल्या. वर्षभर त्यांना मोहाखाली येऊ दिलं नसतं तर त्यांनी कशाला सांगितलं असतं?

शिकारीच्या खुणा वेगळ्या असतात. जनावरांच्या वाटेवर तारेचे फासे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कुडाच्या काटक्या अशा लावलेल्या की जनावर एकाच फटीतून जाईल. हरभरा किंवा गहू काढल्यावर मोकळ्या वावरात उभी केलेली बारीक जाळी आणि जवळपास मोबाइलवर लावलेला बटेरीचा आवाज. सशामागे सोडलेली चार-पाच कुत्री. रात्री पांदणीवर (वावरांमधल्या गाडीवाटेवर) दिवे बंद करून उभी राहिलेली गाडी आणि वावरात फिरणारी जोरकस बॅटरी. कुही-भिवापूरकडे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठाला जमीन असेल तर हिवाळ्यात बदकांसाठी येणाऱ्यांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

यातलं प्रत्येक काम कायद्याने शिकारच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणं, विष घालणं, फासा लावणं, सापळ्यात धरणं, हाका करून हुसकावणं, आमिष ठेवणं हे सगळं येतं आणि त्याचा नुसता प्रयत्नही येतो. म्हणून रिकामा फासा हासुद्धा गुन्ह्याचा पुरावा आहे. "अजून काही मेलं तर नाही ना" असं म्हणून सोडून देऊ नका. ससा, तितर, बटेर, रोही (नीलगाय), रानडुक्कर, घोरपड हे सगळे कायद्याच्या यादीत आहेत.

इथे एक सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कोण आलं हे डोळ्यांनी पाहिलं नसेल तर तक्रारीत कुठल्याही समाजाचं नाव लिहू नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कागदावरून १९५२ मध्ये पुसला, पण गावात काही वाकडं झालं की बोट अजून त्यांच्याच पालांकडे जातं. माझ्या वावरात रात्री बॅटरी घेऊन फिरलेली माणसं चारचाकीतून आली होती. दिसलं तेवढंच लिहा.

२. कागद काढून ठेवा, हद्द पायाने फिरा

हे काम शांत दिवशी करून ठेवायचं. गडबडीच्या रात्री कागद सापडत नाहीत.

- चालू सातबारा. महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो.
- आठ-अ, म्हणजे तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा.
- गटाचा नकाशा. मोजणी झाली असेल तर तिची क प्रत.
- आधार कार्डाची झेरॉक्स.
- सातबाऱ्यावर भावा-बहिणींची नावं असतील आणि तुम्ही एकटेच सगळं पाहत असाल तर त्यांचं साधं संमतिपत्र.
- जागल्या किंवा सोकारी ठेवला असेल तर त्याचं नाव, गाव, फोन आणि आधारची झेरॉक्स.

मग नकाशा हातात घेऊन चारी धुरे फिरा. तीन गोष्टी पाहून घ्यायच्या. पहिली, पांदण कुठून जाते. पांदण सगळ्यांची असते. तिच्यावर उभ्या माणसाला "माझ्या वावरात घुसला" म्हणता येत नाही आणि ती अडवली तर तहसीलदारांकडे तुमच्याच विरुद्ध अर्ज जातो. दुसरी, शेजारचं जंगल कोणाचं. नागपूरकडे एकाच गावाच्या एका बाजूला प्रादेशिक वनविभाग, दुसऱ्या बाजूला वनविकास महामंडळाचं जंगल आणि थोडं पुढे पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याचं वन्यजीव क्षेत्र असं असू शकतं. प्रत्येकाचा वनरक्षक वेगळा. तिसरी, पोलीस ठाणं कोणतं. हिंगणा, कामठीकडची काही गावं नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येतात, बाकी बहुतेक ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. मी पहिल्यांदा जवळचं दिसलं त्या ठाण्यात गेलो आणि तासभर बसल्यावर कळलं की आमचं गाव दुसऱ्याच ठाण्यात आहे. आता गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणारा, असेल तर हद्दीच्या बाहेरही नोंदवून घ्यावा लागतो, पण रात्री माणूस यायला हवा असेल तर योग्य ठाण्याचाच नंबर लागतो.

३. ओळखी आधी करा

मोबाइलमध्ये हे नंबर 'वावर' या शब्दाने सुरू होतील असे सेव्ह करा, म्हणजे अंधारात शोधताना एकाखाली एक दिसतील: बीटचा (जंगलाच्या सगळ्यात लहान हद्दीचा) वनरक्षक, राउंडचा (अशा काही बीटांचा) वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं ऑफिस, पोलीस ठाण्याचा लँडलाइन, पोलीस पाटील, शेजारचे दोन शेतकरी. सगळीकडे चालणारे तीन नंबर वेगळे: वनविभागाची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन १९२६, पोलिसांसाठी ११२, महावितरणसाठी १९१२.

वनरक्षकाला एकदा वावरात बोलवा. चहा पाजा, नाला दाखवा, जनावरांची वाट दाखवा. एका बीटमध्ये तो एकटा असतो, शेकडो हेक्टर पायी फिरतो. आपलं वावर त्याने पाहिलेलं असलं की रात्रीच्या फोनवर "पळसाजवळचा नाला" एवढं सांगितलं तरी पुरतं.

पोलीस पाटलांना विसरू नका. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे गावातली अशी खबर ठाण्याला देणं हे त्यांचं कामच आहे. तुमचा फोन कोणी उचलला नाही तर त्यांचा उचलला जातो.

४. पाटी आणि कुंपण

प्रत्येक वाटेवर पाटी लावा: "खाजगी शेतजमीन, गट क्रमांक अमुक. शिकारीस व फासे-जाळे लावण्यास सक्त मनाई. खबर देण्यासाठी १९२६." पत्र्यावर ऑइलपेंटने लिहिलेली पाटी पुरते. लावल्या दिवशी तिच्यासोबत फोटो काढा. पुढे कोणी "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणालं तर हा फोटो कामाचा असतो.

आता कुंपण. वीजप्रवाह सोडलेल्या तारेबद्दल हात जोडून सांगतो, ते करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ जय, त्याचा बछडा श्रीनिवास. रेडिओ कॉलर लावलेला हा तरणाबांड वाघ २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. त्या प्रकरणात शेतकऱ्यालाच अटक झाली. वाघाची गोष्ट पेपरात येते म्हणून कळते. याच तारांना चिकटून शेजारचा माणूस, स्वतःचा मुलगा, स्वतःची बैलजोडी गेलेली घरं विदर्भात गावोगाव आहेत.

पीक वाचवायचं असेल तर बॅटरीवर चालणारं सौर कुंपण घ्या. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी मदत मिळते. वनरक्षकाला विचारा, गाव यादीत आहे का. आणि सौर कुंपणाच्या तारेला रात्री कोणी आकडा टाकून थेट वीज जोडत नाही ना, हे अधूनमधून पाहत जा. आपली तार आणि दुसऱ्याची वीज असा प्रकार होतो, आणि सापडल्यावर उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

५. रात्री बॅटऱ्या दिसल्या तर

हा भाग नीट वाचा. चूक इथे झाली तर जिवावर बेतते.

तूर कमरेच्या वर असते, अंधार असतो, समोरच्याच्या हातात भरमार (नळीतून दारू ठासायची) बंदूक असते. अंधारात तुरीत हललेला माणूस त्याला रानडुकरासारखाच दिसतो. म्हणून बाहेर पडायचं नाही. जागल्या माळ्यावर असेल तर त्याला फोन करून सांगा की खाली उतरू नको, बॅटरी आकाशाकडे धरून दोन-तीनदा लाव, म्हणजे इथे माणूस आहे हे त्यांना कळेल. घराच्या अंगणातला दिवा लावा. बरेचदा एवढ्यानेच माणसं निघून जातात.

मग फोन. आधी ११२, मग वनरक्षक, मग १९२६. फोनवर लांब हकीकत सांगत बसू नका. गाव, तालुका, गट क्रमांक, जवळची खूण, किती बॅटऱ्या, बार ऐकू आला का, गाडी कोणती, कुठल्या दिशेला. हे सांगून झालं की वहीत वेळ लिहा. मी वावरातल्या खोलीत खिळ्याला वही टांगून ठेवलीय. "रा. ११.४०, दोन बॅटऱ्या, नाल्याकडून उत्तरेला, एक बार. ११.४४ ला ११२ ला फोन." पुढे सगळं विसरायला होतं, हीच ओळ उरते.

गाडीचा पाठलाग करू नका. पांदणीवर ट्रॅक्टर आडवा लावू नका. माणूस हाती लागलाच तर त्याला झाडाला बांधणं, मारणं, मोबाइल हिसकावणं हे काहीही करू नका. भारतीय न्याय संहितेत कोणाला बेकायदा अडवणं आणि डांबून ठेवणं हे कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हे आहेत, आणि मग तो फिर्यादी होतो, तुम्ही आरोपी. सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडण्याचा हक्क फार मोजक्या वेळी आहे आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. हा हिशेब मध्यरात्री तुरीच्या वावरात होत नाही.

दिवसा समोरासमोर गाठ पडली तर गोष्ट वेगळी. तेव्हा बोला, पण चार पावलं लांबून आणि आवाज न चढवता. माझ्याकडे एकदा गावातलेच एक म्हातारे काकाजी दोन कुत्री घेऊन आले.

"राम राम काकाजी. सशामागं निघाले का?"

"काहून रे बाबू? तुह्या बापाच्या वेळेपासून येतो ना आमी."

"बाबांशी तुमचं जमत होतं, मला माहीत आहे. पण सातबारा आता माझ्या नावावर आहे काकाजी. इथं एक ससा मेला तरी मला जाऊन बसावं लागते. मागल्या साली बसलो होतो, तुम्हाला माहीत आहे."

ते थोडा वेळ उभे राहिले आणि कुत्री घेऊन गेले. पुन्हा आले ते बोरं घेऊन आले. सगळेच असे निघत नाहीत, पण गावातल्या माणसाला कायद्याचं कलम सांगण्याआधी आपली अडचण सांगून पाहा. अनोळखी माणूस असेल, हातात हत्यार असेल, तर एक वाक्य, "हे खाजगी वावर आहे, इथं शिकारीला मनाई आहे," आणि मागे फिरा. धमकी दिली तर तिचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा.

६. सकाळी काही सापडलं तर

फासा किंवा जाळं. हात लावू नका. मी केलेली चूक हीच. जनावर जिवंत अडकलेलं असेल तरी जवळ जाऊ नका. रानडूक असो की बिबट्या, फाशातलं जनावर पिसाळलेलं असतं आणि वायर कधीही तुटते. १९२६ ला फोन करा, बचाव पथकाची माणसं येतात. नागपुरात सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, त्यामुळे जनावर वाचण्याची शक्यता असते. तोवर लोकांची गर्दी होऊ न देणं, एवढं आपल्या हातात आहे.

वीज सोडलेली तार. काठीनेसुद्धा चाचपू नका. दव पडलेल्या गवतावरूनही झटका बसतो. १९१२ ला फोन करून लाइन बंद करायला सांगा, पोलिसांना आणि वनरक्षकाला कळवा, आणि दोन्ही बाजूंनी वाटेवर माणूस उभा करा. बकऱ्या चारायला निघायची हीच वेळ असते.

कणकेचा किंवा चरबीचा गोळा. वाटेवर विनाकारण पडलेला दिसला तर तो रानडुकरासाठी ठेवलेला बारूदगोळा असू शकतो. चावला की फुटतो. उचलू नका, लाथ मारू नका, कुत्रं बांधून ठेवा, मुलांना आत घ्या आणि ११२ ला फोन करा.

मेलेलं जनावर. पुरू नका, नाल्यात ओढू नका. शिकार झालेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. ते कोणाच्या ताब्यात आलं तर कलम ३९ प्रमाणे ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुम्ही ४८ तासांची वाट पाहू नका, त्याच तासात कळवा. "भाऊ, गाडून टाकू, कटकट नको," असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. पुरलेलं जनावर निघालं की ते पुरणाऱ्याचा शोध घेतला जातो आणि वावर तुमचं असतं.

आणि फोटो. आधी लांबून, म्हणजे मागे धुरा, झाड, पाटी असं काहीतरी ओळखीचं दिसेल. मग मधल्या अंतरावरून. मग जवळून, बाजूला माचिसची पेटी ठेवून, म्हणजे आकार कळेल. जीपीएस मॅप कॅमेरा ॲप वापरलं तर फोटोवरच तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश येतात. बुटांचे ठसे आणि चाकांचे ठसे असतील तर त्यावर घमेलं पालथं घाला. सिगारेटची थोटकं, काडतुसाचं पुठ्ठं, चुलीची राख, पिसं, काहीच उचलू नका. पंचनामा होईपर्यंत ते तिथेच राहू द्या.

७. तक्रार दोन ठिकाणी

इथे बहुतेक नवीन माणसं अडकतात. पोलीस म्हणतात हे फॉरेस्टचं काम, फॉरेस्टवाले म्हणतात माणूस घुसला तर पोलिसांत जा. दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर असतात, म्हणून दोन्हीकडे द्या.

वनविभागाकडे शिकारीचा गुन्हा. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावाने. ते जो प्राथमिक वनगुन्हा नोंदवतात त्याला सगळे पीओआर म्हणतात. त्याचा क्रमांक मागून घ्या. यादीतल्या अनुसूची १ मधल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या, प्राण्याची शिकार असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. बाकी प्राण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत, जुन्या लेखांत कमी दिसतील.

पोलिसांकडे घुसखोरी, बंदूक, धमकी, तोडलेली तार, तुडवलेलं पीक. फौजदारी अतिक्रमण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये येतं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण या कलमात नुसतं "आत आला" पुरत नाही. गुन्हा करण्याच्या किंवा मालकाला धमकावण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने आला हे दिसलं पाहिजे. म्हणून अर्जात हेतू दाखवणारी गोष्ट लिहा: हातात बंदूक होती, फासा लावला, तार कापून आत आले, हटकल्यावर धमकी दिली. बंदुकीचा उल्लेख कधीच गाळू नका, शस्त्र अधिनियम त्यानेच लागू होतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. मी असा लिहितो:

"मी मौजा अमुक, ता. उमरेड येथील गट क्र. अमुक या शेतजमिनीचा मालक आहे. दि. … रोजी सकाळी ७.१० वाजता नाल्याच्या बाजूला काटेरी तारेखाली वायरचा फासा लावलेला आढळला. फाशाला हात लावलेला नाही. ७.२५ वाजता १९२६ वर कळवले. सोबत ६ फोटो व सातबारा जोडला आहे. फासा मी किंवा माझ्या माणसांनी लावलेला नाही. कृपया पंचनामा करून गुन्हा नोंदवावा."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच मिळाल्याशिवाय उठू नका. ठाण्यात घेतलं नाही तर भांडत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येतो, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. स्पीड पोस्टची पावती सातबाऱ्यासोबत ठेवा. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, मागा.

८. कॅमेरा लावायचा असेल तर

माझा पहिला ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, दहा दिवसांत चोरीला गेला, कारण मी तो फाटकावर, सगळ्यांना दिसेल असा लावला होता. आता जनावरांच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला, उगवतीकडे-मावळतीकडे तोंड न करता लावतो. रात्री लाल दिवा न दिसणारा घ्या. शेजाऱ्याच्या घराकडे किंवा बाया नाल्यावर जातात त्या वाटेकडे कधीही रोख ठेवू नका.

कामाचं काही टिपलं गेलं तर मेमरी कार्ड काढून पाकिटात घाला, वर तारीख लिहा, सही करा आणि नवीन कार्ड टाका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाखवायला ठीक, पण कोर्टात मूळ कार्ड लागतं, आणि त्याची प्रत दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही. गावाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. माणूस सावध होतो, आणि चेहरा चुकून दुसऱ्याचा निघाला तर तुम्ही एका घराची बदनामी केलेली असते.

९. "रानडुकराची तर परवानगी आहे ना?"

हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कायद्याच्या कलम ११ मध्ये परवानगीची सोय आहे, पण ती अधिकृत वन अधिकाऱ्याने कारण देऊन लेखी द्यायची असते. कोणी आलं आणि "आमच्याकडं परमिशन हाय" म्हणालं तर कागद बघा, त्याचा फोटो घ्या आणि तिथल्या तिथे वनरक्षकाला फोन लावून खात्री करा. पीक संरक्षणाची बंदूक परवान्याची असली म्हणून शिकारीची परवानगी मिळत नाही. दोन्ही कागद वेगळे आहेत.

तुमचंच पीक जात असेल तर रागाच्या भरात कोणाला "या रे, मारा एकदाचं" असं म्हणू नका. नुकसान झालं की वनविभागाकडे लगेच भरपाईचा अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक तसंच राहू द्या.

आणि वाटा घेऊ नका. रात्री शिकार झाली की सकाळी वावराच्या मालकाकडे पिशवीत मटण येतं. गावात तो मान समजला जातो, नाही म्हणणं जड जातं. ते घेतलं की वन्यप्राण्याचं मांस तुमच्या घरात सापडलं असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्याने दिलं तो पुढे कधीही तुमच्याविरुद्ध ते सांगू शकतो. माझ्या दारात पिशवी आली तेव्हा माझ्या आईने दारातूनच सांगितलं, "आमच्याकडं चालत नाही बाबू." आम्ही घरी कोंबडी खातो, हे देणाऱ्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही, पिशवी परत घेऊन गेला.

१०. गुन्हा नोंदल्यानंतर

मावशींनी दाखवलेल्या दुसऱ्या फाशाच्या वेळी मी हात लावला नाही. सव्वासातला फोन केला, साडेनऊला वनरक्षक आणि वनपाल आले. त्यांनी फासा लगेच काढला नाही. दोन रात्री दबा धरून बसले आणि दुसऱ्या पहाटे फासा तपासायला आलेली दोन माणसं मिळाली. मला घरातून बाहेर पडू नका एवढंच सांगितलं होतं. तुम्हालाही असं सांगितलं तर ऐका, आणि घरच्यांशिवाय कोणालाही सांगू नका.

पंचनाम्यावर सही करताना पूर्ण वाचा. गट क्रमांक, दिशा, वेळ चुकीची असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. महिन्यातून एकदा जाऊन पीओआर क्रमांक सांगून प्रकरण कुठवर आलं विचारा. गावातून "मागे घ्या" असा दबाव आला तर सांगा की गुन्हा सरकारने नोंदलाय, मागे घेणं तुमच्या हातात नाही. ते खरंही आहे. दबावाला धमकीची धार आली तर त्या दिवशीची नोंद वहीत आणि वेगळा अर्ज ठाण्यात.

साक्षीचं समन्स दोन-तीन वर्षांनीसुद्धा येतं. मला आलं तेव्हा खिळ्यावरची जुनी वही शोधून काढावी लागली. तिची पानं दमटून चिकटली होती, म्हणून आता भरलेली वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नागपूरच्या घरी आणतो. कोर्टात जाताना वही, पोच घेतलेला अर्ज आणि मूळ कार्ड न्या. विचारलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि तारीख पुढे गेली तर पुढची तारीख कोर्टातल्या बाबूंकडून तिथेच वहीत लिहून घ्या, फोनवर कोणी कळवत नाही.